पाखडलेली अक्षरे

दसऱ्याचा सदरा दिवाळीला हाती पडायचा, हा आमच्या महालातल्या शिंप्यांचा वडिलोपार्जित शिरस्ता. माझ्या लहानपणी घरोघर हीच तक्रार असे. मला मात्र त्या तक्रारीत भलतीच गंमत सापडली. 'दसरा' आणि 'सदरा' या दोन शब्दांत अक्षरे तीच आहेत. एक 'द', एक 'स', एक 'रा'. पहिल्या दोघांनी जागा बदलल्या की सणाचे कापड होते! एवढी साधी अदलाबदल शिंप्याला वेळेवर का जमू नये, असे मी आईला विचारले. ती पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याला अक्षरं येतात रे, तारखा येत नाहीत."

अक्षरांची ही उलटापालट करण्याचा नाद मला आईनेच लावला. तो लागला एका छडीपायी. पहिलीच्या पुस्तकात काना-मात्रा नसलेले शब्द आधी शिकवतात, हे वाचकांना आठवत असेलच. मला 'कमल' वाचायला सांगितले आणि मी ठणठणीत आवाजात 'कलम' वाचले. गुरुजींनी पुन्हा वाचायला सांगितले. मी पुन्हा 'कलम'च वाचले. तिसऱ्या खेपेला छडी बसली. घरी येऊन तळहात दाखवला तेव्हा आई अंगणात तांदूळ पाखडत बसली होती. हातावर फुंकर वगैरे घालण्याचा तिचा स्वभाव नव्हता. ती म्हणाली, "चुकला कुठं तू? अक्षरं हलवली फक्त. कलम म्हंजे काय, ठाऊक आहे का?"

मला ठाऊक नव्हते. आईचे माहेर काटोलकडचे, संत्र्याच्या बागेतले. तिने मला तिथल्या तिथे समजावून सांगितले की, जंबेरीच्या रोपाच्या सालीला चीर देऊन तिथे चांगल्या झाडाचा डोळा बसवायचा, बांधून टाकायचा आणि तो फुटला की त्याला कलम म्हणायचे. खाली मूळ आंबट जंबेरीचे, वर फळ गोड संत्र्याचे. कलम म्हणजे लेखणी, हे मला पुढे पुस्तकाने शिकवले. कायद्याचे कलम वर्तमानपत्राने. पण 'कलम' म्हटले की आजही माझ्या डोळ्यांपुढे आधी ते बांधलेले रोपच येते.

मग तिने सुपातले तांदूळ एका बाजूला सारले आणि म्हणाली, "घे, टाक तीन अक्षरं सुपात, अन् पाखड." आम्ही पाखडली. कमल, कलम, मकल, मलक, लकम, लमक. सहा निघाले. दोन दाणे, चार फोलपटे. त्या दिवसापासून आमच्या घरात या खेळाचे नाव 'पाखडणे' असे पडले. आई चौथी शिकलेली आणि मी पुढे मास्तर झालो तो दहावीच्या शिदोरीवर, तेव्हा कॉलेजातल्या विद्वानांनी या नावाला हसू नये.

खेळाचा नियम एकच. ज्या अक्षराचा काना-मात्रा, तो त्याच्याबरोबरच हलला पाहिजे. एकाचा काना काढून दुसऱ्याला द्यायचा नाही, ती चोरी. तीन अक्षरांचे सहा प्रकार होतात, चारांचे चोवीस, पाचांचे एकशेवीस. म्हणून पोळ्या लाटून होईपर्यंत संपेल असा खेळ हवा असेल तर शब्द लहान घ्यावा. खरी बहार दोन अक्षरांत. मका उलटा केला की काम. वडा उलटा केला की डाव. हवा उलटली की वाह! खरा उलटला की राख. सभा उलटली की भास, आणि हे मी निवडणुकीच्या दिवसांत शोधले होते. नदी उलटली की दीन. आमच्या नाग नदीच्या पुलावर नाक दाबून उभे राहावे म्हणजे हा शब्द तिथेच का दडला होता ते कळते. वाल्या कोळ्यानेही आमचाच नियम तंतोतंत पाळला. 'मरा मरा' म्हणता म्हणता 'राम राम' झाले, त्यात काना 'र'ला चिकटलेला तो चिकटलेलाच राहिला. आईचे म्हणणे, वाल्मीकी ऋषी हे पाखडणाऱ्यांचे आद्य पुरुष.

दिवाळीत शब्दही दिवाळीचे. रव्याचा वार होई. चिवडा पाखडला की 'डाव' निघे आणि एक 'चि' उरे, ती फोडणीला टाकायची. 'भला'मधून 'लाभ' निघाला तेव्हा तो दारावरच्या 'शुभ'शेजारी शोभून दिसेल, असे आईने ठरवून टाकले. आणि पणतीची 'ती पण' मी काढली त्या रात्री मला एक करंजी जास्त मिळाली. आईच्या बोलीत 'ण' बहुधा 'न'च असे, त्यामुळे ती म्हणे 'पनती' आणि 'ती पन'. हिशेब दोन्हीकडून जुळतो.

माझी सर्वांत मोठी शिकार मात्र आमच्या गावाच्या नावाची. नागपूर. चार अक्षरे, चोवीस प्रकार, आणि अखंड शब्द म्हणावा तर एकही धड दुसरा निघत नाही. पण दोन तुकडे करायची मुभा घेतली, तर? 'पू' आणि 'ना' बाजूला काढा. 'पूना' झाले. उरले काय? 'ग' आणि 'र'. म्हणजे नागपुरातून पूना वजा केले की शिल्लक राहतो तो गर! संत्र्याच्या गावाने याहून अधिक काय मागावे? मी हे वर्गात सांगितले तेव्हा पोरांनी बाके बडवली. १९५६ साली आमचे राजधानीपण गेले आणि १९५३ च्या नागपूर कराराच्या पुण्याईवर वर्षातून एक हिवाळी अधिवेशन पदरी राहिले, त्या दुःखावर ही आमची बिनखर्चाची फुंकर. पुणेकरांनी रागावू नये. 'पुणे'मधून त्यांनी काय काढायचे ते काढावे. अक्षरे दोनच आहेत, वेळ फार लागणार नाही.

पण याच शब्दाचा सरळ तुकडा पाडला तर 'नाग' आणि 'पूर' असे दोन निघतात, इकडे मी कधी लक्षच दिले नव्हते. फार सोपे म्हणून सोडून दिले होते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे पाऊस असा कोसळला की अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली आणि माणसे झोपेतून उठून गच्च्यांवर चढली. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "नावातच लिहून ठेवलं होतं की रे. तू उगाच उलटं वाचत बसला."

हा सगळा पोरखेळ आहे असे कुणी म्हणेल, तर त्याला सांगायला माझ्याजवळ थोरांचे दाखले आहेत. जुने वैयाकरण 'सिंह' शब्द 'हिंस्' या धातूची अक्षरे उलटून सिद्ध करत, आणि या प्रकाराला वर्णविपर्यय असे भारदस्त नाव देत. वाराणसीचे बनारस झाले ते असेच. आपण नाही का, एका दिवशी 'चिकटतो' आणि दुसऱ्या दिवशी 'चिटकतो'? आमच्याकडे 'नुकसान' क्वचितच होते. होते ते 'नुसकान'. 'मतलब' कुणालाच नसतो, 'मतबल' असतो. चौकात 'सिंगल' लागतो आणि 'रिश्का' थांबते. पोरांच्या वहीत मी या शब्दांवर तांबडी रेघ ओढतो, आणि घरी जाताना स्वतः 'रिश्का' म्हणूनच हाक मारतो.

गोदाकाठच्या पार्थपुरात, म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातल्या पाथरीत, सोळाव्या शतकात सूर्यकवी नावाचा एक ज्योतिषी पंडित होऊन गेला. त्याने 'रामकृष्णविलोमकाव्य' रचले. त्यातला श्लोक डावीकडून वाचला की रामाची कथा, उजवीकडून वाचला की कृष्णाची. आम्ही 'रामाला भाला मारा' उलटसुलट वाचून टाळ्या पिटतो. त्या पंडिताने अख्खे काव्य उभे केले. त्याच्या घरी पोळ्या कोण लाटत असेल, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

दुसरा दाखला परदेशचा. १६१० साली गॅलिलिओला दुर्बिणीतून शनी तीन गोळ्यांचा मिळून झाल्यासारखा दिसला. शोध आपल्या नावावर तर राहावा, पण कुणाला कळू नये, म्हणून त्याने ते लॅटिन वाक्य लिहिले आणि त्याची सदतीस अक्षरे विस्कटून धाडून दिली. केप्लरसारखा केप्लर ती पाखडायला बसला. मंगळाला दोन चंद्र असले पाहिजेत, असे त्याच्या मनाने आधीच घेतले होते. त्याने त्या अक्षरांतून ओढूनताणून मंगळाच्या जोडगोळीला नमस्कार करणारे वाक्य काढले. साफ चूक! शनीचा मंगळ केला. पुढे १८७७ साली मंगळाला खरोखरच दोन चंद्र सापडले, ही गोष्ट वेगळी. विस्कटलेल्या अक्षरांत माणूस आपल्या मनातलेच वाचतो, हे मला या गोष्टीतून कळले होते. कळले होते, पण वळायला घरातला प्रसंग यावा लागला.

गेल्या वर्षी पितृपक्ष सरता सरता आई सकाळी पाणी भरताना खाली बसली, ती उठलीच नाही. अर्धांगाचा झटका. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला आणि बोलणे गेले. डॉक्टरांनी मेंदूचे चित्र दाखवून सांगितले की रक्त डाव्या बाजूला अडले आहे. बोलण्याचे ठाणे बहुतेकांच्या डाव्या मेंदूत असते, हे ब्रोका नावाच्या फ्रेंच डॉक्टराने १८६५ साली दाखवून दिले; ते मी त्या आठवड्यात दवाखान्याच्या बाकावर बसून वाचले. आईला नऊ दिवसांनी घरी आणले. तोवर तिला थोडे आवाज काढता येऊ लागले होते. पण शब्द म्हणावा तसा शब्द येईना. यायचे ते भलतेच.

पहिला शब्द आला तो 'हाच'. पहाटे चारला जाग आली की ती डाव्या हाताने कुठेतरी हवेत दाखवी आणि म्हणे, "हाच... हाच." आता मी पडलो व्याकरणाचा मास्तर. 'हाच' म्हणजे वस्तू पुल्लिंगी असली पाहिजे. मी चष्मा दिला. ती मान हलवी. रुमाल दिला, डबा दिला, पंखा लावला, पंखा बंद केला, गणपतीचा फोटो भिंतीवरून काढून तिच्या हातात दिला. 'हाच' काही थांबेना. शेवटी ती भिंतीकडे तोंड फिरवून घेई.

दुसरा शब्द त्याहून वाईट. काटोलहून मावशी आली, आईची धाकटी बहीण. तिने मऊ शिरा केला, पलंगावर बसली आणि चमचा आईच्या ओठांशी नेला. आईने तिच्याकडे बघितले आणि स्पष्ट म्हणाली, "कोन."

मावशीचा चमचा तिथेच थांबला. "बाई, मी हाओ," ती म्हणाली.

"कोन. कोन."

मावशी स्वयंपाकघरात येऊन ओट्याला धरून रडली. "मले ओळखत नाही वो ते! पाठच्या बहिणीले इचारते कोन म्हनून!" तिच्या रडण्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. संध्याकाळपर्यंत बातमी काटोल, वरूड, अमरावती करून परत आमच्याच घरी फोनवर आली. कमलला कलम वाचले म्हणून मला छडी बसली होती. इथे कुणी कुणाला मारले नाही, पण पुढचे तीन दिवस जो येई तो आईच्या कानाशी ओरडून आपले नाव, गाव आणि नाते सांगू लागला. माझ्या चुलत्यांनी तर आपण रिटायर कुठून झालो तेही सांगितले. आई प्रत्येकाकडे पाही आणि शिऱ्याची वाटी पुढे आली की म्हणे, "कोन." मग लोक डोळे पुसत बाहेर येत. आणि खरे सांगतो, तिने कुणाला ओळखणे सोडले, असे मीही मनात धरून चाललो होतो. मी खोलीत जायचे टाळू लागलो. वह्या तपासायच्या आहेत, असे सांगत असे.

तपासतही होतो. चौथ्या रात्री पेपरांचा गठ्ठा घेऊन तिच्या पलंगाजवळच बसलो होतो. पहाटेला बायकोने माझ्यासाठी कप आणून ठेवला. वाफ आईच्या बाजूला गेली. तिने डोळे उघडले, कपाकडे पाहिले आणि म्हणाली, "हाच."

मी तांबडी पेन्सिल खाली ठेवली. 'हा' आणि 'च'. 'च' आणि 'हा'.

बशीत ओतून, निववून, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चमच्याने थोडा थोडा दिला. तिने डोळे मिटून घेतला. नऊ अधिक चार, तेरा दिवस या बाईला कुणी चहा दिला नव्हता. आम्ही तिला औषधे दिली, फळांचा रस दिला, गणपती दिला.

चहा संपल्यावर मी मुद्दाम शिऱ्याची वाटी उचलली. ती म्हणाली, "कोन."

"आई," मी विचारले, "नको?"

तिने माझ्याकडे पाहिले. शाळेत अगदी मठ्ठ पोराला शेवटी उत्तर सापडले की आपण जसे पाहतो तसे. मग तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी आले. तिला मुळात शिरा आवडतच नाही, हे त्या घरात मावशीखेरीज सर्वांना ठाऊक होते.

मी पहाटे पाचला काटोलला फोन लावला. "मावशी, ती तुला कोन म्हणत नव्हती, नको म्हणत होती. शिरा नको म्हणत होती." पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग मावशी म्हणाली, "मंग तसं सांगाचं ना तिनं!" आणि हसता हसता पुन्हा रडली.

यापुढे मी फार शेफारलो. आईचे शब्द आपल्याला वाचता येतात, अशी माझी घरात प्रतिष्ठा झाली. डॉक्टरांनी समजावून सांगितले, ही काही गुप्त लिपी नाही. मेंदूला आवाज सापडतात, त्यांचा क्रम सापडत नाही. कधी उलटतात, कधी गळतात, कधी नुसताच भुसा येतो. आणि तसेच होते. 'पाणी' कधीच नीट उलटले नाही, त्याचे दर वेळी नवे काही होई. बऱ्याच शब्दांना किल्ली नव्हती. पण मी कसचा ऐकतो! कोजागरीच्या संध्याकाळी आई देवघराकडे बोट करून म्हणाली, "वात." मी क्षणात उलटले. वात, तवा! बायकोला म्हटले, तवा आण. तवा आला. आई मान हलवते. म्हटले, भाकरी हवी असेल, भाकरी टाकली. आई मान हलवते. दुसरा तवा आणला. तासाभराने मुलगी खेळून आली, देवघराशी गेली आणि म्हणाली, "बाबा, समईतली वात विझली आहे."

केप्लरची मला त्या वेळी जेवढी आठवण झाली, तेवढी पुस्तक वाचतानाही झाली नव्हती.

मग वाचा शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येऊ लागल्या. चित्र दाखवायचे, शब्दाचे पहिले अक्षर आपण म्हणायचे, उरलेला आईने. मी माझी जुनी पाटी काढली. गंमत पाहा, चाळीस वर्षांपूर्वी तिने ज्या खेळात मला अक्षरे विस्कटायला शिकवले, त्याच खेळात मी तिला ती रांगेत लावायला शिकवत होतो. 'कमल' लिहिले. तिने बराच वेळ पाहिले आणि 'कलम' म्हटले. मी 'कमल' म्हटले. तिने पुन्हा 'कलम' म्हटले. तिसऱ्या खेपेला मी छडी उगारण्याचा आव आणला, तेव्हा ती झटक्यानंतर पहिल्यांदा आवाज करून हसली. आता ती म्हणताना चुकली होती की मुद्दाम, हे मी तिला आजवर विचारलेले नाही.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिला शाल पांघरून ओसरीवर खुर्चीत बसवले. माझ्या मुलीने अंगणाच्या कडेने पणत्या मांडल्या होत्या, मी एकेक लावत चाललो होतो. वारा होता, दोन विझत, एक लागे. शेजारच्या पोरांनी फटाके लावले की आई दचके आणि मग दचकल्याचे तिलाच हसू येई. मी शेवटची पणती लावून कमरेवर हात ठेवून उभा राहिलो, तोच मागून आवाज आला.

"ती पन."

मी वळलो. तुळशीवृंदावनामागे, अंधारात, खरोखरच एक पणती लावायची राहिली होती.

"आई," मी विचारले, "पनती म्हणतेस, का ती पन म्हणतेस?"

तिने थोडा विचार केला. मग डावा हात उचलून, माझ्याकडे न बघता, स्वयंपाकघराकडे दाखवला.

"हाच," ती म्हणाली.

आतून बायकोचा आवाज आला, "ठेवलं आहे हो आधण!"